वायसरचं उद्घाटन

पाच जून ही तारीख स्टॉकहोमने ठरवलेली आहे. १९७२ साली त्या दिवशी तिथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली आणि पुढच्या वर्षापासून जगभर पर्यावरण दिन साजरा होऊ लागला. तारीख ठरवताना पुण्याचा विचार कुणी केला नसणार. पाच जूनला पुण्यात पाऊस नसतो. वेधशाळेच्या हिशोबानेसुद्धा तो यायचा दहा तारखेच्या आसपास, आणि वेधशाळेचा हिशोब पावसावर बंधनकारक नाही. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी महाविद्यालयांच्या आवारांत मान्यवरांच्या हस्ते जे रोप लागतं, ते तापलेल्या मुरमात लागतं. झारीतलं पाणी खड्ड्यात पडतं, चार बुडबुडे येतात, क्षणात सगळं गडप होतं, आणि मान्यवर कॅमेऱ्याकडे बघत विचारतात, "अजून एकदा घालू का?"

कन्हैयालाल मुन्शींना हे कळत होतं. १९५० साली ते केंद्रात अन्न आणि शेती मंत्री होते. वनमहोत्सव त्यांनी सुरू केला, आणि तो ठेवला जुलैच्या पहिल्या आठवड्यात. उमेदीची वर्षं मुंबईत वकिलीत गेलेली असल्यामुळे पाऊस कधी येतो आणि कधी नुसता येतो-येतो म्हणतो, हे त्यांना ठाऊक असणार. पण जुलैत महाविद्यालयं प्रवेशाच्या गर्दीत बुडालेली असतात. रोपाला पाऊस मिळाला असता, पण पाहुण्याला खुर्ची मिळाली नसती.

आमच्या महाविद्यालयात या सगळ्याचं पाहायला 'हरित परिसर समिती' आहे आणि मी तिचा निमंत्रक आहे. वनस्पतिशास्त्राचे सर परीक्षा विभागात अडकलेले होते, भूगोलाच्या मॅडम निवडणुकीच्या कामावर होत्या. मग प्राचार्य म्हणाले, "तुम्ही निसर्गकविता शिकवताच की." अशी बालकवींच्या पुण्याईवर माझी नेमणूक झाली. समितीच्या पहिल्या बैठकीत तुकोबांचा झाडांवरचा तो सुप्रसिद्ध अभंग फलकावर लिहायचं ठरलं. दुसऱ्या बैठकीत तो आधीच तीन ठिकाणी लिहिलेला असल्याचं निष्पन्न झालं.

समितीमागची खरी प्रेरणा अर्थात तुकोबा नव्हेत, नॅक. ज्यांचा शिक्षणक्षेत्राशी संबंध नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो: नॅक ही महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना श्रेणी देणारी संस्था. १९९४ साली स्थापन झाली, बंगळुरूला असते. तिच्या निकषांपैकी सातव्या निकषात तुमच्या आवारात वीज कशी वाचवता, पाणी कसं जिरवता, कचऱ्याचं काय करता, वाहनांना बंदी आहे का, प्लास्टिकला आहे का, झाडं किती, हे सगळं विचारतात. प्रश्न उत्तम आहेत. एखाद्या जाणत्या आजीने सुनेला विचारावेत इतके नेमके आहेत. फक्त उत्तराला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फोटो. साधा नव्हे, खाली नकाशा, अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटलेला. आमच्या शिपाईमामांच्या मोबाइलमध्येही आता ते ॲप आहे. मागे एकदा मुलीच्या साखरपुड्याचे फोटो त्यांनी त्यातच काढले. वरमाईच्या पायाशी अक्षांश-रेखांश.

या फोटोमुळे एक गंमत होते. ज्याचा फोटो निघतो ते काम होतं, ज्याचा निघत नाही ते राहतं. सौर पॅनलचा निघतो. गांडूळखताच्या हौदाचा निघतो, गांडुळं असोत वा नसोत. रोपाचा तर निघतोच. पण रिकाम्या वर्गातला पंखा बंद करण्याचा फोटो कसा काढणार? काढलाच तर त्यात एक माणूस भिंतीला बोट लावून उभा दिसतो.

आणि पंख्यांचं प्रकरण साधं नाही. आमच्या एका वर्गात आठ पंखे, सहा ट्यूब आणि अठरा बटणं आहेत. उरलेली चार कशाची, हे वायरमनलाही सांगता येत नाही. नेमका मधला पंखा बंद करायचा तर आधी सगळी बटणं दाबून पाहावी लागतात, तेवढ्यात तास संपतो. जुना पंखा ७५ वॉट खातो. आठांचे झाले ६००. मधल्या सुट्टीत आणि पुढच्या रिकाम्या तासाला मिळून दोन तास फिरले की सव्वा युनिटच्या आसपास वीज खर्ची पडते, कुणाच्याही केसाची बट न हलवता. हल्ली तीसेक वॉटवर तेवढाच वारा देणारे पंखे मिळतात. ते घ्या, असं मी सुचवलं. हेडक्लार्क म्हणाले, "सर, जुने डेड स्टॉकला आहेत. निर्लेखित झाल्याशिवाय नवीन घेता येत नाहीत."

"मग करा निर्लेखित."

"चालू आहेत ना, सर. बंद पडल्याशिवाय कसे करणार?"

पंखा बंद करा म्हणून मी वर्षभर ओरडत होतो, आणि आता तो कायमचा बंद कधी पडतो याची वाट पाहू लागलो. शेवटी भूगोलाच्या मॅडमनी खडूने प्रत्येक बटणावर नंबर घातले आणि तेच नंबर मुलांकडून पंख्यांच्या पात्यांवर लिहून घेतले. पंखा फिरताना नंबर दिसत नाही, बंद असतानाच दिसतो, हे लक्षात येऊनही उपाय चालला. मुलांना वर्गात शिरल्या शिरल्या आपला पंखा कोणता ते पाठ झालं. आमच्या समितीच्या कारकीर्दीतलं हे सर्वांत यशस्वी काम. खर्च: खडूचे दोन तुकडे. अहवालात याला रकाना नाही.

सकाळी मी फिरायला गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात जातो. ४११ एकरांचं आवार आहे. आजूबाजूला पुणे इतकं वाढलंय की आता ते शहराने चुकून खायचं ठेवून दिल्यासारखं वाटतं. मधली ती उंच मनोऱ्याची दगडी इमारत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी बांधायला घेतली, १८६४ मध्ये सुरू झाली आणि १८७१ मध्ये पुरी झाली. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचं ते पावसाळ्यातलं निवासस्थान. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि लाटसाहेबांचा बंगला विद्येच्या ताब्यात आला. मला या इमारतीत आवडतात त्या जाड भिंती, उंच छत आणि खोल व्हरांडे. विजेच्या पंख्याच्या आधीचा वारा कसा खेळवावा हे बांधणाऱ्यांना येत होतं. आता लाटसाहेब मुक्काम करायचे तो पावसाळ्यात. एप्रिल-मे ते महाबळेश्वरी काढायचे. ज्या ऋतूत पुण्यात पत्र्याच्या शेडमध्येही झोप लागते त्या ऋतूत या भिंतींची परीक्षा व्हायची, हे खरंच. तरी एप्रिलच्या दुपारी या व्हरांड्यात उभं राहावं आणि मग शहरातल्या कुठल्याही नव्या शिक्षणसंस्थेच्या काचेच्या दर्शनी भागासमोर उभं राहावं. काचेतून ऊन आत घ्यायचं, मग एसीने ते बाहेर टाकायचं, आणि वर एसी चालावा म्हणून गच्चीवर त्याच उन्हाची वीज करायची. सूर्याला इतकं काम एकाच इमारतीत पूर्वी कुणी लावलं नव्हतं.

फिरायला येणाऱ्यांत एक गृहस्थ आहेत. हवा शुद्ध म्हणून ते रोज लांबून येतात, मोठ्या गाडीतून. गाडी सावलीत लावतात, सुरूच ठेवतात, कारण परत आल्यावर आत गार हवं. झाडांकडे बघून म्हणतात, "ही आहेत म्हणून पुण्यात श्वास घेतोय." झाडांना बोलता येत नाही हे एकूण बरं.

याच आवारात २०१७ च्या डिसेंबरच्या सुमारास भाड्याच्या सायकली आल्या होत्या. शहरात त्या अगदी पहिल्यांदा जिथे मिळू लागल्या त्यांत विद्यापीठ होतं. मोबाइलवर कुलूप उघडायचं, जयकर ग्रंथालयापर्यंत जायचं, तिथेच सोडून द्यायची. पोरं खूश होती. जुने पुणेकर हळवे झाले, कारण हे शहर एकेकाळी सायकलींचंच होतं. पुढे शहरभर काही सायकली सोसायट्यांच्या जिन्याखाली जाऊन राहिल्या, काहींची चाकं गेली, काहींची घंटी तेवढी उरली, आणि काही वर्षांत योजना निघून गेली. तज्ज्ञांनी कारणमीमांसा केली असेल. मला इतकंच दिसतं की सायकलीला उद्घाटनाच्या दिवशी हिरवी फीत मिळाली, पण चैनीला तेल कोण घालणार हे कुणी विचारलं नाही.

हे तेल घालणं, नंबर टाकणं, पान न उचलणं, यांनीच आवार टिकतं असं माझं हळूहळू पक्कं मत झालंय. आणि यांतल्या एकाही गोष्टीला फीत बांधता येत नाही.

पान न उचलण्याचं सांगतो. फेब्रुवारी-मार्चात पानगळ सुरू झाली की आमच्या आवारात झाडू निघतात. झाडणाऱ्या मावशी पहाटे साडेसहाला येतात. रेन ट्रीखाली झाडून पुढे सरकतात तोवर मागे पुन्हा सडा. हे झाड दक्षिण अमेरिकेतून आलेलं, पानं गाळण्यात कसलाही संकोच नाही. ढीग झाला की पूर्वी त्याला काडी लागायची. आता जाळायला मनाई आहे, म्हणून ढीग पोत्यांत जातो, पोती घंटागाडीत जातात, आणि जूनमध्ये बागेसाठी खत विकत येतं. तेही पोत्यांतच. मी मावशींना म्हटलं, "मावशी, झाडाखालची पानं झाडाखालीच राहू द्या की. पायवाट तेवढी झाडा."

मावशी झाडूवर हात टेकून म्हणाल्या, "सर, मला काय, मी आजच बसते निवांत. पण मोठे साहेब आले आणि म्हणाले कचरा आहे, तर तुम्ही येणार का सांगायला?"

मुद्दा बिनतोड होता. पानाला कचरा म्हणणं थांबवायचं तर आधी मोठ्या साहेबांचा रस्ता बदलावा लागतो. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा गट आहे. ज्याच्याकडे पाला जास्त त्याने तो, ज्याची बाग उपाशी त्याला द्यायचा, असं साधं काम ते लोक करतात. त्यांचं उदाहरण दाखवून मी एका कोपऱ्यापुरती परवानगी मिळवली. दोन पावसाळ्यांत तिथली माती काळी आणि भुसभुशीत झाली. सातभाई येऊन पाला उलटापालटा करू लागले. माळीकाका पूर्वी तिथे पाण्याची नळी घेऊन रोज उभे असायचे, आता एक दिवसाआड जातात. मात्र तिथे पाटी लावावी लागली, 'सेंद्रिय आच्छादन प्रकल्प'. पाटीशिवाय तो आळशीपणा ठरत होता.

झाडांच्या बाबतीतही आमची आवड उद्घाटनाच्या अंगाने जाते. लवकर वाढणारं, फुलल्यावर लांबून दिसणारं झाड हवं असतं. गुलमोहर मादागास्करचा. टेकड्यांवर वनखात्याने एके काळी मुक्तहस्ते लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. त्याला गावाकडे उंदीरमारी म्हणतात, यातच त्याचा स्वभाव आला. त्या मानाने वड, करंज, कडुनिंब यांना फोटोत यायला फार वर्षं लागतात. लावणाऱ्या प्राचार्यांची निवृत्ती तोवर होऊन गेलेली असते. शिवाय नॅकची समिती येणार म्हटलं की आधीच्या सगळ्या खोडांना गेरू-चुन्याचा पट्टा मारला जातो. देशी-परदेशी सगळी झाडं एकाच गणवेशात उभी राहतात.

पाण्यात तर आम्ही कमालच केली. आधी मुलांच्या पायाला चिखल लागतो म्हणून सगळं मैदान सोडून उरलेल्या आवारात पेव्हर ब्लॉक घातले. खालून सिमेंट ओतून, पक्के. पहिल्याच पावसात पाणी जिरेना, ते थेट कार्यालयात शिरलं. मग पाणी जिरवण्यासाठी निधी मंजूर झाला, आणि चार शोषखड्डे खणायला चार ठिकाणचे पेव्हर ब्लॉक उखडले. त्या चारही खड्ड्यांचं उद्घाटन झालं. ज्या मातीत पाणी फुकटात जिरत होतं तिचं कधी झालं नव्हतं. कोल्हापूरकरांना हे सांगितलं की ते हसतात. तिथलं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली माळावर वसलं, ८०० एकरांहून मोठं आवार. माळावरचं पावसाचं पाणी तळ्यांत आणि विहिरींत अडवून त्यांनी आपली बरीच गरज घरच्या घरी भागवायची सवय लावून घेतली. तळं म्हणजे खोलगट जागा मोकळी ठेवणं. आमच्याकडे जागा मोकळी दिसली की पार्किंग होतं.

मध्यंतरी आम्ही शाश्वत परिसर या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्रही घेतलं. नव्या एसीने चालू होताना २४ अंशांवरच असावं असा नियम २०२० च्या जानेवारीपासून आहे. आमच्या सभागृहाचा एसी त्याआधीचा, त्यामुळे तो १८ वर होता. सत्कारात दिलेल्या शाली पाहुण्यांनी खरोखरच पांघरल्या. पुष्पगुच्छाऐवजी रोप दिलं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं. व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली होती. दोन घोट घेऊन प्रत्येकाने ती टेबलावर ठेवली, आणि शेजारच्यांची कोणती आपली कोणती हे न कळल्याने नंतर सगळ्यांनी नवीन उघडली. मागे फलक होता, 'प्लास्टिकमुक्त परिसर'. तो फ्लेक्सचा. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशात बंदी आहे, हे आमच्या लक्षात होतं. म्हणून मुद्दाम जाड घेतला. चर्चासत्रात पन्नास शोधनिबंध आले. मुलांचे प्रकल्पही मांडले होते. पदवीच्या प्रत्येक मुलाने पर्यावरण शिकावं हे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे झालं, त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी लिहिलं, आणि पुस्तक चांगलं आहे. प्रकल्प मात्र 'मुळा-मुठेचे प्रदूषण' हा एकच, शंभर प्रतींत, एका बाजूला छापलेला, पारदर्शक प्लास्टिकच्या फायलीत. मुठेचं जेवढं नुकसान शहराने केलं त्यात आमच्या छपाईने थोडी भर घातली असणार.

तर आता वायसर. जिमखान्यामागचा एक नळ गळत होता. सेकंदाला एक थेंब. दिवसाचे झाले ८६,४०० थेंब, म्हणजे वीसेक लिटर. मी टिपणी लिहिली. टिपणी परत आली, खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते लिहा. 'दुरुस्ती व देखभाल' म्हटलं तर त्यातले पैसे संपलेले. 'पर्यावरण' म्हटलं तर त्यात शिल्लक होती, पण त्यातून फक्त उपक्रम करता येतात, आणि वायसर हा उपक्रम नव्हे. तो उपक्रम व्हावा म्हणून मी टिपणीला 'जलसंवर्धन अभियान, टप्पा एक' असं शीर्षक दिलं. तेव्हा तीन कोटेशनं मागवली गेली. दहा रुपयांच्या वायसरसाठी कोटेशन द्यायला कुणी येईना. एका दुकानदाराने दिलं, पण त्यात अख्खा नळ, पाइप आणि बेसिन धरलं होतं.

हे तीन महिने चाललं. एके दिवशी नळ थांबलेला दिसला. शिपाईमामांनी घरून वायसर आणून बसवला होता. "रोज तो टपटप आवाज, सर. दुपारी डोळा लागत नव्हता," म्हणाले. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

मार्चअखेरीस हरित लेखापरीक्षण करणारी बाहेरची मंडळी आली. झाडं मोजली, सौर पॅनल पाहिले, शोषखड्ड्यात वाकून पाहिलं, त्यात पडलेली चप्पल कुणाची हे विचारलं. अहवाल आला. पाण्याच्या गळतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आढळली नाही.' त्याच्या शेजारच्या, जलबचतीसाठी वर्षभरात काय केलं या रकान्यात लिहिलं होतं, 'विशेष उपक्रम आढळला नाही.' गुण शून्य.

मी अहवाल घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. त्यांनी तो चष्मा वर करून नीट वाचला.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "आधीचा फोटो कुठाय आपल्याकडे? नळ गळतानाचा हवा आणि मग न गळतानाचा. दोन्ही अक्षांशासकट. मामांनी घाई केली."

"आता काय करायचं?"

त्यांनी क्षणभर विचार केला, ड्रॉवर लावला आणि आवाज खाली आणून विचारलं, "सर, कॅम्पसमध्ये दुसरा एखादा गळका नळ नाही का?"